काचेवरचा अंगठा

या, जरा जवळ येऊन बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनी तर आधी पुढे सरकावे, कारण भिंत आणि डुलकी यांचे जुने साटेलोटे आहे. आज मी कुणा राजाची कथा सांगणार नाही. रथाची सांगणार आहे. पण रथ एवढा, की तळहातावर मावावा. त्या रथापायी एका सज्जन माणसाचा तीन आठवडे जो तळतळाट झाला, तीच ही कथा. संताप वाईट, हे काय मला कळत नाही? पण एखाद्याच्या अंतःकरणाला देवाने संतापाचेच दार बसवले असेल, तर आत शिरायला आपण दुसरे दार कुठून आणायचे?

तर त्या सज्जनांना सगळे मिलिमीटरराव म्हणत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत छत्तीस वर्षे नळांचे नकाशे काढताना त्यांनी कुणाची अर्ध्या मिलिमीटरची चूक पोटात घातली नाही. ते निवृत्त झाले तेव्हा कचेरीने त्यांना एक घड्याळ दिले आणि हे नाव दिले. घड्याळ वर्षभरात बंद पडले.

मिलिमीटररावांना छंद छोट्या मोटारींचा. म्हणजे खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी मोटार. सुट्या भागांचा संच आणायचा, प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले भाग ब्लेडने सोडवायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, आणि मग कपाटात ठेवून कुणाला हात लावू द्यायचा नाही. असा तो छंद. दिवाणखान्यातल्या कपाटात चौसष्ट मोटारी दिमाखात उभ्या, आणि बायकोच्या लग्नातल्या कपबश्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर अज्ञातवासात. बायको एकदा म्हणाली होती, "माझ्या बशांना चाकं लावून आणते, म्हणजे त्यांनाही जागा मिळेल."

या छंदिष्टांचे एक मंडळ होते. अकरा सभासद. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी भरायचे. मिलिमीटरराव मंडळाचे सचिव, आणि मंडळाच्या एकेचाळीस नियमांचे एकमेव जनक. तपासनीस म्हणून एक दातांचे डॉक्टर होते. ते भिंग डोळ्याला लावूनच जन्माला आले असावेत असे मिलिमीटररावांचे मत होते. डॉक्टरांचेही मिलिमीटररावांविषयी काही मत असणार, पण ते सभ्य होते. बोलत नसत, नुसते तपासत.

त्या वर्षी मंडळाने ठरवले की प्रत्येकाने आपली सर्वांत जुनी, अजून शाबूत असलेली मोटार आणायची आणि तिची हकीकत सांगायची. सर्वांत जुनी ठरेल ती मधल्या टेबलावर, काचेच्या झाकणाखाली, वर्षभर.

हे ऐकून मिलिमीटरराव गालातल्या गालात हसले. त्यांच्याकडे हिरवी मोटार होती. दोन दारांची, बसकी, पन्नास वर्षांची! तेराव्या वर्षी बनवलेली. डॉक्टरांचा लाल अग्निशामक बंब कसाबसा चव्वेचाळीसचा. आता काचेचे झाकण म्हणजे आपल्याच घरचे, असे समजून त्यांनी आतल्या बाजूची मापेही घेऊन ठेवली.

इथे त्या मोटारीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढचे सगळे नुसतेच भांडण वाटेल.

मोटार सुबक होती. दोष एकच. पुढच्या काचेवर, डाव्या बाजूला, एक अंगठा उमटलेला होता. या कामाचा डिंक साधा नसतो. तो प्लास्टिकला वितळवून धरतो. डिंक लागलेले बोट काचेला लागले की संपले, बोटाच्या रेघा कायमच्या कोरल्या जातात. हा अंगठा होता मिलिमीटररावांच्या ताईचा. ताई तीन वर्षांनी मोठी. छप्पर बसवताना याचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तिने विणकाम बाजूला ठेवून काच धरली. त्याच दिवशी चाके सोडवून देताना तिच्या अंगठ्याला ब्लेड लागले होते, तेव्हा अंगठ्यावरची तिरपी चीरही काचेवर जशीच्या तशी उठली. तेरा वर्षांच्या मिलिमीटररावांनी आकाशपाताळ एक केले आणि चार दिवस ताईशी अबोला धरला.

पुढे पन्नास वर्षे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते मोटार दाखवत आणि एकच वाक्य म्हणत, "मोटार निर्दोष आहे. काचेवरचा डाग माझा नाही." ताई समोर असली की हसत म्हणे, "हो रे बाबा, माझाच. आता फाशी दे एकदाची." दोन वर्षांपूर्वी ताई गेली. वाक्य तेच राहिले. फक्त हल्ली ते म्हणताना मिलिमीटररावांना मध्ये एकदा घसा साफ करावा लागे, आणि त्याचे खापर ते रंगाच्या वासावर फोडत.

असो. मूळ पदावर येऊ.

मिलिमीटररावांनी अर्ज भरला, आणि तिसऱ्या दिवशी तपासनिसांचे पत्र आले: आपण नमूद केलेल्या मोटारीच्या वयाचा कागदी पुरावा जोडलेला नाही. नियम सतरा पाहावा.

"मला!" मिलिमीटरराव गरजले. "मला पुरावा मागतो हा दातपाड्या!"

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "सतरावा नियम कुणी केला?"

"मी केला. पण तो माझ्यासाठी नाही केला!"

खरेच होते ते. चार वर्षांपूर्वी डॉक्टर कधीतरी म्हणाले होते, "बंब जवळजवळ पन्नासचा असेल." हे 'जवळजवळ' मिलिमीटररावांच्या जिव्हारी लागले, आणि त्याच दुपारी सतरावा नियम जन्माला आला. माणूस दुसऱ्यासाठी खड्डा खणतो तेव्हा तो आपल्याच मापाचा होतो हे आपण नेहमी ऐकतो. हा तर नकाशा काढून, मापे टाकून खणलेला.

बातमी जिन्यावरून वरखाली फिरली आणि सल्ले येऊ लागले. खालच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, प्रतिज्ञापत्र करा. समोरच्या आजींनी विचारले, मोटारीच्या बारशाचा फोटो नाही का काढला? वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले शेजारी, आयुष्यभर घड्याळे दुरुस्त करून निवृत्त झालेले, ते तर म्हणाले, "अहो, गाडी आहे ना? मग नोंदणीपुस्तक असणारच. वाहन कचेरीत जा."

"ती एवढीशी आहे हो!"

"मग काम लवकर होईल."

आधी खोके शोधायचे ठरले. संचाच्या खोक्याच्या झाकणावर दुकानदाराचा तारखेचा शिक्का होता, हे मिलिमीटररावांना लख्ख आठवत होते. माळ्यावर चढायला घड्याळवाल्यांची शिडी आणली. शिडीसोबत घड्याळवालेही आले, कारण ते म्हणाले, शिडी एकटी कुठे जात नाही. तीन तासांनी खोके सापडले. खालचा भाग सापडला, झाकण नाही.

"तूच टाकलं असणार!" मिलिमीटररावांनी वरूनच तोफ डागली. "या घरात माझी एक वस्तू जागेवर राहू देत नाहीस!"

बायकोने माळ्यावरचे दुसरे एक पुठ्ठ्याचे तबक खाली ओढले. तबक त्या झाकणाचेच कापून केलेले होते. वर मिलिमीटररावांच्या नेटक्या अक्षरात लिहिले होते: रंगाच्या बाटल्या. शिक्क्याच्या जागी बाटल्यांसाठी भोके पाडलेली होती. सगळी भोके, हे सांगायला नको, अगदी एका मापाची.

"उतरा," बायको म्हणाली. "चहा निवतोय."

मग आठवले की शाळेच्या प्रदर्शनात मोटारीला बक्षीस मिळाले होते आणि गावच्या वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या होत्या. वाचनालयात जुन्या अंकांचे गठ्ठे असतात. मिलिमीटरराव गेले. ग्रंथपालबाईंनी शांतपणे सांगितले की जुने अंक पाहायला संस्थेच्या शिक्क्याचे पत्र लागते.

"अहो बाई, संस्था तुमच्याच डोक्यावर भरते! मी तिचा सचिव आहे!"

"मग तर सोपंच आहे. शिक्का मारून आणा."

शिक्का मिलिमीटररावांच्याच खणात होता. पण नियम तेवीस: सचिवाने स्वतःच्या कामाच्या पत्रावर एकट्याने सही करू नये, तपासनिसांची सही आवश्यक. हा नियम कुणी केला, हे तुम्ही ओळखले असेलच. मीही काही बोलत नाही.

म्हणून मिलिमीटरराव डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. दाराशी बसलेली मुलगी म्हणाली, "दात कोणता?"

"दात नाही, सही हवी आहे."

"सहीचा रकाना नाही काका. दात सांगा, नाहीतर नंबर लागणार नाही."

मिलिमीटररावांनी अपमान गिळला. "लिहा. खालचा. डावा."

दीड तासाने नंबर लागला. त्यांनी पत्र पुढे केले, पण खुर्ची मागे कलंडली, दिवा तोंडावर आला, आणि सवयीने त्यांचे तोंड उघडले. डॉक्टरांनी भिंग लावून आत पाहिले.

"सचिवसाहेब, हा खरोखरच किडलाय की!"

"आं?"

"खालचा डावा. बरं झालं आलात." डॉक्टर सुई भरत म्हणाले. "मोटार कुठल्या साली बनवली म्हणालात?"

"आ... आआ..."

"म्हणजे अंदाजच आहे."

तुम्हीच सांगा, जबडा दुसऱ्याच्या ताब्यात असताना माणसाने आपली बाजू मांडायची कशी? मिलिमीटरराव सही घेऊन आणि एक दात देऊन बाहेर पडले. गाल सुजलेला, जीभ जड. त्याच तोंडाने त्यांनी वाचनालयात जाऊन पत्र ठेवले. ग्रंथपालबाईंनी शिक्का पाहिला, सह्या पाहिल्या, मान डोलावली आणि म्हणाल्या, "त्या वर्षाचा गठ्ठा बांधणीला गेलाय."

"कभी येनार?" सुजलेल्या तोंडातून शब्द निघाला तो असा.

"बांधून झाला की."

"कभी गेला?"

"अकरा महिने झाले."

घरी येऊन मिलिमीटररावांनी छताकडे बोट दाखवत देवाशी हुज्जत घातली. कुणाला फसवले नाही, रेघ वाकडी काढली नाही, आणि एका दोन दारांच्या मोटारीसाठी तू माझा दात घेतोस? देवाने उत्तर दिले नाही. पण मी सांगतो, तो ऐकत होता. ज्याचे देणे तो उशिरा देतो, त्याचे गाऱ्हाणे तो नीट ऐकून घेतो.

रविवार दोन दिवसांवर आला. शुक्रवारी संध्याकाळी मिलिमीटरराव मोटार टेबलावर ठेवून हळुवार कुंचल्याने धूळ झाडत होते. घड्याळवाले शिडी न्यायला आले आणि वाकून पाहू लागले.

"हा डाग आहे होय! मग त्या डॉक्टरचं काय चुकलं? जुनी गाडी एवढी धुरकट दिसली तर कोण मान देईल?"

"तो डाग माझा नाही," मिलिमीटरराव सवयीने म्हणाले, आणि बायकोने हाक मारली म्हणून आत गेले. शिडीचा पाय पुसायला फडका कोणता द्यायचा, एवढेच तिला विचारायचे होते. ते परत आले तेव्हा घड्याळवाल्यांच्या एका हातात मोटार होती, दुसऱ्या हातात मऊ कापड, आणि शेजारी न्हाणीघरातून आणलेली दात घासण्याची पेस्ट.

"घड्याळाच्या काचा मी अशाच उजळायचो," ते प्रेमाने म्हणाले. "दोन मिनिटांत आरसा करून देतो. बघा, कोपरा निघालासुद्धा!"

मिलिमीटररावांच्या तोंडून जो आवाज निघाला तो तीन मजल्यांनी ऐकला. समोरच्या आजी बाहेर आल्या. वकील पायजम्यात धावत वर आले. "ठेवा! ठेवा ती खाली! कुणी सांगितलं पुसायला? कुणी?"

घड्याळवाले पांढरेफटक पडले. "अहो, पण... तुम्हीच तर सगळ्यांना सांगता. डाग म्हणून."

"मी सांगेन! पन्नास वर्षं सांगेन! तुम्ही कोण पुसणारे?"

बायको दारात उभी होती. तिने हळूच मोटार उचलली, उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "वरचा काठ गेलाय थोडा. चीर आहे अजून. दिसते आहे." मिलिमीटररावांनी मोटार घेतली, भिंग लावले आणि चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. मग म्हणाले, "या पेस्टचा वास फार उग्र आहे," आणि डोळे पुसले. घड्याळवाले शिडी विसरून गेले.

शनिवारी सकाळी ताईची मुलगी आली. मामीने फोनवर सगळे महाभारत सांगितले होते, आणि भाचीने आईच्या विणकामाच्या नमुन्यांची जुनी पेटी उचकली होती.

"मामा, हा कागद बघ. तुझाच वाटतो."

मोटारीच्या जोडणीची चित्रे असलेला तो कागद होता. पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला. मागच्या कोऱ्या बाजूवर ताईच्या अक्षरात स्वेटरचा नमुना होता: किती टाके सुलट, किती उलट, बाही किती. वर लिहिले होते, 'धाकट्यासाठी. रुसलाय, तरी थंडी वाजणारच,' आणि खाली तारीख. बरोबर पन्नास वर्षांपूर्वीची. आणि पुढच्या बाजूला, काच बसवण्याच्या चित्राशेजारी, हिरव्या रंगाचा एक अंगठा. त्यावर तिरपी चीर.

"तो स्वेटर मी घातलाच नाही पहिला महिना," मिलिमीटरराव म्हणाले. "बाही तीन मिलिमीटर मोठी होती."

"आई सांगायची," भाची म्हणाली. "म्हणायची, मुद्दाम मोठी केली. वाढेल म्हणून."

रविवारी सभा भरली. सभासद आपापल्या मोटारी कापडात गुंडाळून, तान्ह्या बाळासारख्या छातीशी धरून आले. मिलिमीटररावांनी मोटार आणि कागद तपासनिसांपुढे ठेवला, आणि 'आता बोला' अशा नजरेने पाहिले.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट केला. "तारीख ठीक आहे. पण हा कागद याच मोटारीचा कशावरून?"

"अंगठा बघा!" मिलिमीटररावांनी टेबलावर हात आपटला. "कागदावरचा आणि काचेवरचा! चीर बघा! माझी रेघ कधी चुकली नाही, आणि देवाची तर नाहीच नाही!"

डॉक्टर वाकले. सगळे वाकले. अकरा टकले आणि अर्धटकले एका काचेवर जमले. भिंग कागदावर गेले, काचेवर आले, पुन्हा कागदावर गेले.

"तोच आहे," डॉक्टर सरळ होत म्हणाले. "रेघ न् रेघ. मान्य. मोटार पन्नास वर्षांची." आणि इतक्या वर्षांत प्रथमच ते हसले. "अभिनंदन सचिवसाहेब. फॉर्मवर एवढंच लिहायचं राहिलंय: अंगठा सभासदाचा स्वतःचा. नियम चारसाठी. लिहू ना?"

नियम चार: मोटार सभासदाने एकट्याने, अन्य कुणाचाही हात न लागता बनवलेली असावी.

श्रोतेहो, पाहा. दार उघडे होते. खुद्द प्रतिस्पर्ध्याने पेन टेकवलेले होते. नुसते 'हो' म्हणायचे, की काचेचे झाकण आपले. मिलिमीटररावांच्या अंगठ्यावर चीर नाही हे कुणी पाहणार नव्हते, आणि डॉक्टरांनी पाहिले असते तरी त्या दिवशी ते बोलले नसते. पण मिलिमीटररावांना काय ऐकू आले? त्यांना ऐकू आले की काचेला डिंकाचा हात लावणारा गबाळा माणूस म्हणजे आपण!

"माझा?" ते ताडकन उठले. "असला अंगठा माझा? तेराव्या वर्षीसुद्धा मी डिंकाच्या हाताने काच धरली नाही! माझ्या चौसष्ट मोटारी तपासा, एका काचेवर बोट दाखवा! हा अंगठा माझ्या ताईचा आहे!"

आपण काय बोललो ते मिलिमीटररावांच्या त्या वेळी ध्यानात आले. डॉक्टरांचे पेन हवेत राहिले.

"तिने काच धरली होती," मिलिमीटरराव खाली बसत म्हणाले. मग घसा साफ केला. इथे तर रंगाचा वासही नव्हता. "चाकंही तिनेच सोडवून दिली. अंगठा कापला होता तिचा. लिहा. नियम चार. बाद."

कुणी लिहीना. तेव्हा सचिव या नात्याने त्यांनी वही स्वतःकडे ओढली आणि स्वतःच्या मोटारीला बाद केल्याचा ठराव आपल्या सुरेख, संतापलेल्या अक्षरात नोंदवला. हिरवी मोटार दाराजवळच्या, हजेरीच्या वहीच्या टेबलावर गेली. पुढे चिठ्ठी: स्पर्धेबाहेर.

मधल्या टेबलावर आता लाल बंबाचा मान. डॉक्टर हकीकत सांगायला उभे राहिले. बंबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शिडी तुटली होती याची. आईने काडेपेटीच्या काड्या तासून नवी केली. मी हे कधी सांगितलं नाही." त्यांनी काचेचे झाकण उचलले, बंब घेतला आणि दाराजवळच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "सचिवसाहेब, सरका जरा."

मिलिमीटररावांनी हजेरीची वही उचलून जागा केली.

त्यानंतर तिसरी मोटार कुणाची, हे विचारायचे कुणाला धैर्य होईना. ट्रकवाले सभासद आपल्या ट्रककडे पाहून उगाच खोकू लागले. वर्षभर ते काचेचे झाकण मधल्या टेबलावर रिकामेच राहिले, आणि "रिकाम्या झाकणाची नोंद वहीत करायची तरी कशी?" म्हणून मिलिमीटरराव वर्षभर चिडले. चौथा नियम मात्र त्यांनी बदलला नाही. नियम चुकीचा नाही, असे ते आजही भांडून सांगतात.

हिरवी मोटार घरी कपाटात परत गेली. पाहुणे येतात, मिलिमीटरराव ती काढून दाखवतात, अजून रागानेच. पण वाक्य थोडे बदलले आहे. "मोटार निर्दोष आहे," ते म्हणतात. "काचेवरचा अंगठा ताईचा आहे." कुणी पुसायला हात पुढे केला तर मात्र त्याची खैर नाही.

तर आता उठा, पण एवढे माझे मागणे ऐकून उठा. घरी गेल्यावर कुठल्या काचेवर, कुठल्या जुन्या वस्तूवर कुणाच्या बोटाचा डाग दिसला, तर फडका उचलण्याआधी क्षणभर थांबा. रुसलेल्या भावासाठी एक बाही तीन मिलिमीटर मोठी विणणाऱ्या त्या ताईची आठवण काढा, आणि देवाला तिच्यासाठी दोन शब्द सांगा. तिला फाशी द्यायला पन्नास वर्षे कुणाला जमले नाही. आता तिला विसरायलाही कुणाला जमू नये.